गव्हाचे शेत आणि पालकाचा वाफा

रब्बीची पेरणी जवळ आली म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यात गव्हाचे एकर येऊ लागतात. पालकाचे वाफे त्यात क्वचितच येतात. गहू हे पीक आणि पालक ही नुसती भाजी, तेव्हा या दोहोंची तुलना ती काय करावयाची, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः विहिरीवर शेती करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही दोन्ही पिके एकाच पाण्याची व एकाच हिवाळ्याची वाटेकरी आहेत. दोघांनाही थंडी मानवते आणि दोघांचाही माल शेवटी एकाच ताटात यावयाचा असतो. म्हणूनच ही तुलना हौसेची नसून नोव्हेंबर महिन्यात, पाभर जुंपण्यापूर्वी करावयाच्या हिशेबाची आहे.

महाराष्ट्रातील हिवाळा आखूड आहे, ही गव्हाची पहिली अडचण होय. पंजाबात गव्हास जितके थंड दिवस लाभतात तितके येथे लाभत नाहीत. त्यामुळे बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी, असे कृषि विद्यापीठाचे सांगणे आहे. त्यानंतर उशीर होईल तसे प्रत्येक पंधरवड्यास हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पन्न घटते आणि १५ डिसेंबरनंतरची पेरणी परवडत नाही. उशिराच्या पेरणीसाठी निफाड ३४ सारखे वाण आहेत हे खरे. परंतु वाण कोणताही असला तरी फेब्रुवारी-मार्चमधील उन्हाचा चटका दाणे भरण्याच्या वेळी बसला, की दाणा बारीक राहतो.

गव्हाची दुसरी अडचण पाण्याची. मध्यम ते भारी जमिनीत सुमारे एकवीस दिवसांच्या अंतराने पाळ्या द्याव्या लागतात. त्यांतही काही अवस्था अशा आहेत की त्या वेळी पाणी चुकले तर पुढे कितीही पाणी दिले तरी भरपाई होत नाही. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, ४० ते ४५ दिवसांनी पीक कांडी धरते, ६० ते ६५ दिवसांनी ते फुलावर येऊन चीक भरू लागतो आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणा भरतो. पाणी तीनच पाळ्यांचे असेल तर यांपैकी पहिल्या तीन अवस्था सांभाळाव्यात. दोनच पाळ्यांचे असेल तर २० ते २२ आणि ६० ते ६५ या दिवसांच्या. आणि एकच पाळी असेल तर ती ४० ते ४२ दिवसांनी द्यावी. एका ओलिताच्या गव्हासाठी नेत्रावती हा वाण निफाडच्या संशोधन केंद्राने दिलेला आहे.

नेमके येथेच बहुतेकांचे गणित चुकते. नोव्हेंबरमध्ये विहीर तुडुंब असते, आणि त्या पाण्याकडे पाहून गव्हाचे क्षेत्र ठरविले जाते. मात्र नोव्हेंबरात पेरलेला गहू चीक भरू लागतो जानेवारीत आणि दाणा भरतो जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. तोवर पाण्याने तळ गाठलेला असतो. अर्धवट भिजलेल्या दोन एकरांपेक्षा पुरते भिजलेले एक एकर अधिक धान्य देते, हे प्रत्येक अनुभवी शेतकरी जाणतो. तरीही पेरणीच्या दिवशी हात आखडत नाही. गव्हाचा हिशेब एकदाच, खळ्यावर होतो. बी, खत, मशागत आणि चार पाळ्यांचे पाणी घातल्यावर पाचवी पाळी हुकली, तर आधीच्या चारांचेही मोल उतरते.

पालकाचा स्वभाव याहून निराळा आहे. आपल्याकडे लावला जाणारा पालक हा वनस्पतिशास्त्राप्रमाणे बीटच्या जातकुळीतील. विलायती पालक तो वेगळा. बीटचा गुण त्याच्यात उतरला असल्यामुळे किंचित खारवट जमीनही तो सोसतो. ऑल ग्रीन व पुसा ज्योती हे त्याचे परिचित वाण होत. बी रात्रभर भिजत घालून १५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत पेरल्यास उगवण सारखी होते. एका गुंठ्यास पाव किलो ते तीनशे ग्रॅम बी पुरते. सुमारे एका महिन्यात पहिली कापणी आणि नंतर दर पंधरा-वीस दिवसांनी पुढची, याप्रमाणे तीन-चार कापण्या मिळतात. उष्णता वाढली की फुलाचा दांडा वर येतो आणि पाने राठ होतात. तेथे त्या वाफ्याचे काम संपले.

पालकाला पाणी फारच थोडे लागते, ही समजूत मात्र खरी नव्हे. हिवाळ्यातही त्याला दर सहा-आठ दिवसांनी हलके पाणी हवे असते, आणि अडीच महिन्यांतील अशा दहा पाळ्यांची बेरीज केली तर ती गव्हाच्या पाच-सहा भरपूर पाळ्यांच्या फार मागे राहत नाही. फरक आहे तो वेळेचा. पालकाला पाणी पाहिजे ते विहीर भरलेली असताना. आणि पाणी आटलेच तर तोवर झालेल्या कापण्या घरात किंवा बाजारात पोहोचलेल्या असतात. त्याचा हिशेब दर कापणीला चुकता होतो. ज्या विहिरीचा फेब्रुवारीतील भरवसा नाही, तिच्यावर गव्हाचे क्षेत्र थोडे आवरून उरलेल्या ओलीचा काही भाग नोव्हेंबर-डिसेंबरातच पालकाकडे वळविणे, यात म्हणूनच शहाणपणा आहे.

याचा अर्थ गहू सोडून पालकाचे एकर करावेत असा नव्हे. काही उत्साही मंडळी उत्पन्नाचे आकडे शेजारी मांडून तसे सुचवितात. हेक्टरी ४० क्विंटल गहू म्हणजे गुंठ्यास ४० किलो. हेक्टरी १० ते १५ टन पालक म्हणजे गुंठ्यास १०० ते १५० किलो. तराजूवर पालक भारी ठरतो खरा, पण त्याच्या शंभर भागांत नव्वदाहून अधिक भाग पाणीच असते. पाणी वगळले तर पालकाचे सुमारे ९ ते १३ किलो उरतात आणि गव्हाचे सुमारे ३५. पोट भरण्याचे काम गव्हानेच करावयाचे आहे. शिवाय वाळवून, नीट कोठीत भरलेला गहू वर्षभर टिकतो; पालकाची जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते. गव्हाला निदान आधारभाव जाहीर होतो. पालकाला तो नाही, आणि गावात दहाजणांनी एकाच आठवड्यात पालक पेरला तर आठवड्याच्या बाजारात जुडीला गिऱ्हाईक मिळत नाही. तेव्हा घरापुरता एक-दोन गुंठे, बाजार जवळ असल्यास चार-पाच गुंठे, आणि तेही एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक वाफा, हेच प्रमाण योग्य होय.

आहारातही दोघांची कामे वेगळी आहेत. गव्हापासून उष्मांक मिळतो व प्रथिनेही मिळतात. शरबतीची पोळी, बन्सीचा रवा व शेवया, खपलीची खीर, उन्हाळ्यातील कुरडया, हा सारा त्याचाच विस्तार. परंतु डोळ्यांच्या आरोग्यास लागणारे 'अ' जीवनसत्त्व ज्यापासून शरीरात तयार होते ते कॅरोटीन, तसेच गरोदर स्त्रियांना अत्यावश्यक असलेले फोलेट, यांसाठी हिरव्या पालेभाजीकडेच वळले पाहिजे. पालकातील लोहाचा बोलबाला मात्र वाजवीपेक्षा जास्त झालेला आहे. त्यातील लोह शरीरात थोडेच शोषले जाते आणि कॅल्शियम ऑक्झॅलिक आम्लाने बांधलेले असते. भाजीवर लिंबू पिळल्यास लोह अंगी लागण्यास मदत होते आणि फोडणीच्या तेलामुळे कॅरोटीन. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालक बेतानेच खावा. गव्हाच्या कोठ्या भरलेल्या घरातही मुलांच्या ताटात आठवडाभर हिरवे पान पडत नाही, हे दृश्य दुर्मिळ नाही. ही उणीव गव्हाचे आणखी एक पोते वाढवून भरून निघत नाही. दारामागच्या एका वाफ्याने ती पुष्कळ अंशी निघते.

या वाफ्याच्या बाबतीत एका गोष्टीची सक्त ताकीद द्यावयास हवी. गव्हावर मारलेले औषध आणि आपण खातो तो दाणा यांच्यामध्ये तूस असते आणि बहुधा कित्येक दिवसांचे अंतरही असते. पालकाचे औषध मारलेले पानच खावयाचे असते. म्हणून घरच्या वाफ्यात शक्यतो किडकी पाने खुडून टाकावीत आणि फवारणी टाळावी. विक्रीच्या वाफ्यात फवारणी करावीच लागली, तर वेष्टनावर लिहिलेले दिवस पुरे झाल्याखेरीज विळा लावू नये. कापणीनंतर नत्राचा हलका हप्ता द्यावा, परंतु पाने काळपट हिरवी दिसावीत म्हणून युरियाचा मारा करू नये. जादा नत्राने पानांत नायट्रेट साठते. गावाच्या सांडपाण्यावर पालक वाढविणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे. गव्हाचे काड पेटवून देण्याची चाल काही भागांत आहे. तेच काड पुढच्या भाजीच्या ओळींत अंथरल्यास ओल टिकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नोव्हेंबरच्या भेटीत प्रथम गव्हाचा वाण विचारण्याऐवजी विहिरीचा इतिहास विचारावा. मागील दोन-तीन वर्षे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विहिरीत किती हात पाणी होते आणि पंप किती तास चालत होता, हे शेतकऱ्याला सहसा आठवते. न आठवल्यास दारे धरणाऱ्या घरच्या बाईला ते नक्की सांगता येते. तेवढ्या पाण्यात किती गुंठे गव्हाची एक पाळी पुरी होईल, हे त्याच्यासमवेत बांधावर बसून काढावे, आणि पाभरीपूर्वी गव्हाची हद्द खुंट्या ठोकून आखून द्यावी. पालकाचा पहिला वाफा त्या हद्दीबाहेर, विहिरीच्या धक्क्याजवळ व घराच्या वाटेवर असावा, म्हणजे कापणीसाठी वेगळी खेप घालावी लागत नाही.