माल आपला, करार परक्यांचा

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा नाशिक जिल्ह्यात काय घडले ते सर्वांनी वाचले. लिलाव बंद पडले, भाव कोसळले, शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. त्या गदारोळात अधिसूचनेतील एका परिच्छेदाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आदेश निघण्यापूर्वी ज्या मालाची जहाजावर चढवणी सुरू झाली होती, ज्याचे शिपिंग बिल दाखल होऊन जहाज बंदरात येऊन उभे होते, किंवा जो सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात जाऊन त्याच्या दप्तरी नोंदला गेला होता, तो माल ५ जानेवारी २०२४ पर्यंत बाहेर पाठवण्यास मुभा होती. म्हणजे एकाच शिवारातला कांदा भरलेल्या दोन कंटेनरांपैकी एक परदेशी जाऊ शकत होता आणि दुसऱ्याला माघारी यावे लागत होते. आणि हा निवाडा कांद्याच्या प्रतीवर नव्हे, तर कागद केव्हा दाखल झाला यावर होत होता.

माघारी आलेल्या कंटेनरच्या मालकाचे संकट तेवढ्यावर संपत नाही. परदेशी ग्राहकाशी त्याने केलेला करार तसाच उभा असतो. करार भारतीय कायद्याखाली असेल तर १८७२ च्या करार कायद्याचे ५६ वे कलम त्याच्या मदतीला येते: जे कृत्य करारानंतर बेकायदा ठरले, ते करण्याचा करार रद्दबातल होतो. परंतु ‘वाद उद्भवल्यास इंग्लंडचा कायदा व लंडन येथे लवाद’ ही ओळ अशा करारांत वारंवार आढळते, आणि सही करताना ती क्वचितच कोणी वाचतो. इंग्लिश कायद्यात सर्व भिस्त करारातील शब्दांवर असते. सरकारी बंदीचे कलम स्पष्ट लिहिलेले असेल तर विक्रेता वाचतो. नसेल तर ‘हे संकट अनपेक्षित होते’ असे त्याला सिद्ध करावे लागते. ज्या देशात सप्टेंबर २०२० मध्येही अशीच कांदाबंदी आली होती, त्या देशातील व्यापाऱ्याने हा बचाव कोणत्या तोंडाने मांडावा? लंडनमधला निवाडा लंडनमध्येच राहील अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात भारत सामील असल्यामुळे तो येथील न्यायालयामार्फत वसूल होऊ शकतो.

सरकारच्या लहरीला येथे दोष नाही असे मुळीच नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवून टनाला ५५० डॉलर किमान भावाची अट, सप्टेंबरात ती अट मागे, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही रद्द: अशा धोरणाखाली व्यापार करणे हे पुरात होडी हाकण्यासारखे आहे. तथापि पूर येतो हे माहीत असताना वल्हे न शिकणे हा शहाणपणा म्हणता येणार नाही.

द्राक्षांचा अनुभव याहून कडू आहे. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड या रसायनाचे अंश सापडल्यामुळे महाराष्ट्रातून गेलेली द्राक्षे युरोपात नाकारली गेली आणि अनेक बागायतदार कर्जात बुडाले. चूक प्रयोगशाळेची, निर्यातदाराची की बागायतदाराची, यावर पुष्कळ वाद झाला. नुकसान कोणी सोसावे याविषयी करार काय म्हणतो, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. अशा करारात ‘नेदरलँड्सचा कायदा लागू’ एवढेच शब्द असले, तरी मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीविषयीची १९८० ची व्हिएन्ना संहिता लागू होऊ शकते. भारताने ती स्वीकारलेली नसली तरीही. त्या संहितेत एक तरतूद विक्रेत्याच्या हिताची आहे: मालातील दोष ग्राहकाने वाजवी मुदतीत कळवला नाही, तर त्याचा हक्क जातो. फळांसारख्या नाशवंत मालात ही मुदत थोडकीच धरली जाणार. पण ही तरतूद ज्याला ठाऊकच नाही, तो तिचा आधार घेणार कसा?

हीच गत ‘एफ.ओ.बी.’ आणि ‘सी.आय.एफ.’ या रोज वापरल्या जाणाऱ्या शब्दांची. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने १९३६ मध्ये अशा संज्ञांचे अर्थ प्रथम निश्चित केले. २०२० च्या आवृत्तीत त्या अकरा आहेत. सी.आय.एफ. मध्ये विक्रेता परदेशी बंदरापर्यंतचे भाडे व विमा भरतो, म्हणून जोखीमही तेथपर्यंत त्याचीच, अशी समजूत सर्रास आढळते. वस्तुतः माल आपल्या बंदरात जहाजावर चढला की ती ग्राहकाकडे जाते. उलट, कंटेनर न्हावा-शेवाच्या आवारात दोन-तीन दिवस पडून असताना काही बिघडले, तर एफ.ओ.बी. विक्रेत्यालाच ते सोसावे लागते, कारण माल अजून जहाजावर चढलेला नसतो. कंटेनरच्या मालासाठी ‘एफ.सी.ए.’ ही संज्ञा वापरावी, म्हणजे माल वाहतूकदाराच्या हवाली करताच जोखीम उतरते, असा सल्ला ते मंडळच देते. एवढे असूनही एफ.ओ.बी. लिहिण्याची सवय काही सुटत नाही. लेटर ऑफ क्रेडिटची बँक तर माल पाहतच नाही, ती फक्त कागद पाहते. चलनातील मालाचे वर्णन पतपत्राशी जुळले नाही, किंवा मूळ जहाजी पावतीसह कागद माल चढवल्यापासून एकवीस दिवसांत सादर झाले नाहीत, तर पैसे अडतात.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: ही कामे करण्यासाठी कस्टम्स ब्रोकर आहेत; साखर कारखान्याच्या अध्यक्षाने किंवा बागायतदाराने ती कशाला शिकावीत? उत्तर वरवर सयुक्तिक आहे. परंतु सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या १४७ व्या कलमाप्रमाणे मुखत्याराने केलेले कृत्य मालकाच्या संमतीने झाले असेच धरले जाते, आणि २०११ पासून शुल्काची आकारणी व्यापाऱ्याने स्वतः करून द्यायची असते. मालाचे वर्गीकरण चुकले तर भुर्दंड त्याच्यावर येतो. वर्गीकरण हे काही पोरखेळाचे काम नव्हे. ताजी द्राक्षे एका क्रमांकात, बेदाणा दुसऱ्या क्रमांकात, हे सोपे झाले. खोबरेल तेलाची लहान बाटली खाद्यतेलाची की केशतेलाची, हा उत्पादनशुल्काचा वाद मात्र वर्षानुवर्षे चालला आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सोडवावा लागला.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आपण काय शिकवतो? रिकार्डोचा तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त, व्यापारशेषाच्या व्याख्या, निर्यात संस्थांची नावे आणि त्यांच्या स्थापनेची वर्षे. पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत त्याने शिपिंग बिल हाती धरलेले नसते. जकात हा विषय मराठी माणसाला परका नाही. बारदेशातून येणाऱ्या पोर्तुगिजांच्या स्वस्त मिठावर जबर जकात बसवावी, नाहीतर संगमेश्वरचा मिठाचा व्यापार बुडेल, असे शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदाराला कळवले होते. हे पत्र आपण इतिहासाच्या तासाला अभिमानाने सांगतो. त्याच विषयाची आजची कागदपत्रे मात्र इंग्रजीत, आणि ती वाचण्याची विद्या बॅलार्ड इस्टेट ते न्हावा-शेवा या पट्ट्यातील कचेऱ्यांत अडकून पडली आहे. नाशिक, सांगली, रत्नागिरी येथील महाविद्यालयांनी खऱ्याखुऱ्या कराराची प्रत, नावे खोडून, वर्गात ठेवावी आणि जोखमीचे कलम कोणते, कायद्याचे कलम कोणते, हे मराठीतून विचारावे. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, समिती तर नाहीच नाही.

शिकवणारे कोठून आणायचे, ही अडचण पुढे केली जाईल. त्या कचेऱ्यांत पंधरा-वीस वर्षे हेच कागद भरत आलेले कारकून आहेत, आणि कलमांचा अर्थ त्यांना पुष्कळ प्राध्यापकांपेक्षा अधिक कळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये व्यवसायातील अनुभवी व्यक्तींना प्राध्यापक म्हणून नेमण्याची वाट मोकळी केली आहे. किमान पंधरा वर्षांचा अनुभव हवा, औपचारिक पदवीची अट नाही. मात्र तो शक्यतो वरिष्ठ पातळीवरील असावा, असे त्यात म्हटले आहे. त्या ‘वरिष्ठ’ शब्दात गोदीतल्या कारकुनाला बसवायचे की नाही, हे महाविद्यालयांनी ठरवायचे आहे.