मुलींची सायकल आणि वस्तीचा रस्ता

आळंदी-पंढरपूर पालखी महामार्ग नातेपुत्यावरून जातो. तो रुंद झाला, गुळगुळीत झाला, याचे समाधान मानावयास हरकत नाही. परंतु नातेपुत्याच्या शाळा-महाविद्यालयांत येणाऱ्या सर्वच मुली महामार्गालगत राहत नाहीत. अनेकींची वाट मळ्यातल्या वस्तीपासून सुरू होते. कालव्याकडेचा मुरूम, पावसाळ्यात चिखलाने भरणारी पाणंद, बाभळीचे काटे आणि दक्षिणेस शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडे वळले की चढ, असा हा प्रदेश आहे. या वाटेवर मुलींच्या हाती येते ती ‘लेडीज सायकल’.

ही सायकल कोणासाठी घडली, हे पाहण्याजोगे आहे. वरची दांडी काढून टाकण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य स्त्रियांच्या पायघोळ झग्यांसाठी निघाली. आपल्याकडे ती साडीला मानवली. आज मुली सलवार-कमीज घालतात, तरी सायकलीचा आकार तोच आहे. त्याची किंमत मात्र पडते. वरची दांडी गेली की सांगाड्याचा त्रिकोण मोडतो. मजबुतीसाठी नळ्या जाड कराव्या लागतात आणि वजन वाढते. त्यात गिअर नसेल तर चढावर उतरून सायकल ढकलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. टोपली मात्र आठवणीने बसविलेली असते!

अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये स्त्रियांच्या शरीरमापाच्या सायकली बनविणारी कंपनी काढली. पुढे डोंगरी सायकलीही त्याच विचाराने होऊ लागल्या. वरची दांडी असते, पण उतरती. सांगाडा आखूड, टायर रुंद, बैठक रुंद, ब्रेक लहान हातांच्या आवाक्यात. अलीकडे काही कंपन्यांनी या भेदाचाही फेरविचार केला आहे. स्त्री-पुरुषांतील फरकापेक्षा उंच आणि ठेंगण्या माणसांतील फरक मोठा, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा खरा प्रश्न मापाचा आणि रस्त्याचा आहे.

तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांतील कित्येकींनी पुरुषी सायकलच पसंत केली. कारण पुढच्या दांडीवर मूल बसविता येते. वापरणारीला विचारले, तर उत्तर असे अनपेक्षित येते.

आपल्या बाजारात तिला विचारतो कोण? पैसे देणारा बाप किंवा सरकार. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील गरजू मुलींना सायकलीसाठी मिळणारी रक्कम २०२२ मध्ये ५,००० रुपये झाली. ही तरतूद स्वागतार्हच आहे. परंतु रक्कम ठरली की सायकलही ठरते. त्या पैशात गिअरची, रुंद टायरची सायकल बसत नाही, म्हणून तालुक्याचा दुकानदार ती ठेवीत नाही, आणि दुकानात दिसत नाही म्हणून कोणी मागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी हे चक्र त्याने तुटणारे नव्हे. सपाट गावातल्या मुलीला आणि डोंगरपायथ्याच्या वस्तीवरील मुलीला एकच रक्कम देण्याऐवजी अंतर व चढ पाहून ती ठरवावी, आणि किमान दोन मापांचे सांगाडे दुकानात मिळतील एवढी मागणी सरकारने एकत्र करावी. दहावीनंतर मुलीने शिकावे की घरी बसावे, याचा निर्णय अनेक वस्त्यांवर या चार-पाच किलोमीटरांवरच होत असतो.