मिठाच्या पोकळ्या: आधी तपासणी, मग निविदा
राजस्थानातील मिठाच्या थरांत खनिज तेल साठवायचे असेल, तर पोकळ्यांच्या स्थैर्याचा स्वतंत्र अहवाल आधी जनतेसमोर यायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कातळ फोडून साठवणगुहा खोदण्यापेक्षा मीठ विरघळवून पोकळी करणे स्वस्त, हे मान्य.

पण गोडे पाणी सोडून तेल वर काढले की दर खेपेला मिठाच्या भिंती विरघळतात, दोन पोकळ्यांमधला आधार पातळ होतो. अमेरिकेतले साठे मिठाच्या उंच घुमटांत आहेत. आपल्याकडचे मीठ आडव्या थरांत, मध्ये माती-डोलोमाइटचे पदर. तिथली गणिते इथे कशी चालणार? आणि तिथेही लुइझियानात वीक्स आयलंडच्या जुन्या मीठखाणीतल्या तेलसाठ्यावर १९९२ मध्ये जमीन खचलेली दिसली. तो साठा अखेर रिकामा करावा लागला.

थरांच्या नमुन्यांच्या चाचण्या पूर्ण होईपर्यंत केंद्राने निविदा काढू नये.