कालव्याकाठचा पक्षी सप्ताह

५ नोव्हेंबर ही मारुती चितमपल्ली यांची जयंती आणि १२ नोव्हेंबर ही डॉ. सालिम अली यांची. या दोन तारखांमधले दिवस महाराष्ट्र ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळतो. पुण्याच्या दुर्बिणी या दिवसांत भिगवणकडे वळतात. शहराच्या पोटातून वाहणारा मुठा उजवा कालवा मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतो. खडकवासल्याहून निघून पर्वतीचा पायथा, स्वारगेट, हडपसर करत दौंड-इंदापूरच्या शिवारात जाणारा हा कालवा पुणेकरांना आठवतो, तो २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ फुटला म्हणून.

आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक काळ सोडलेले पाणी, सुरू असताना प्रवाह वेगाने धावतो, तेव्हा पक्ष्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. आवर्तन थांबले की तळाच्या खळग्यांत डबकी उरतात, त्यांत मासळी अडकते आणि काठावर वंचक बगळा येऊन बसतो. बसलेला असताना तो मातीत मिसळून जातो. उडाला की पांढरेशुभ्र पंख उलगडतात. थंडीपुरता आलेला करडा धोबी शेपटी हलवत ओल्या चिखलातले किडे टिपतो. गटाराचे पाणी मिसळते तिथे लांब गुलाबी पायांचा शेकाट्या दिसतो. पक्षी देखणा खराच, पण सांडपाण्यातल्या किड्या-अळ्यांवरही तो पोसतो. त्याचे थवे वाढले म्हणून हरखून जाऊ नये. छोट्या खंड्याला सूर मारण्याआधी पाण्यातला मासा दिसावा लागतो. पाणी काळवंडले की त्याची शिकार संपते. म्हणून पाण्याची नोंद नसलेली पक्षिगणना आम्हाला अर्धवट वाटते.

खडकवासला ते फुरसुंगी कालव्याचे हे पाणी बोगद्यातून नेण्याची योजना आहे. गळती, बाष्पीभवन आणि चोरी त्यामुळे कमी होईल. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला त्याच्या हक्काचे पाणी मिळायलाच हवे. या योजनेला आमचा विरोध नाही. पण पाणी बोगद्यात गेल्यावर मोकळ्या होणाऱ्या कालव्याच्या पट्ट्यावर रस्ता आखण्याआधी तिथली झाडे, घरटी आणि पक्षी यांची किमान एका वर्षाच्या सर्व ऋतूंतली नोंद झाली पाहिजे. ही जबाबदारी महापालिका आणि जलसंपदा विभाग या दोघांचीही आहे.

वाचकांनी मात्र त्यांच्या नोंदीसाठी थांबू नये. या आठवड्यात सकाळी घराजवळच्या कालव्याच्या पुलावर उभे राहा. पाण्याची पातळी, रंग, वास आणि दिसलेले पक्षी तारखेनिशी वहीत लिहा, आणि पुढच्या आवर्तनानंतर त्याच पुलावर पुन्हा जा.