अर्ध्या सेकंदाची शंका

पासवर्ड किती लांब असावा, दर तीन महिन्यांनी बदलावा का, यावर लिनक्सवाले तावातावाने वाद घालतात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितले: लांबीला महत्त्व द्या, ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको. पण कुलूप भक्कम आणि भिंतीलाच भगदाड असेल तर? मार्च २०२४ मध्ये सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच या दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. माग काढताना लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या साधनात दडवलेला चोरदरवाजा सापडला. त्यांनी तो जाहीर करताच जगभरच्या जाणकारांनी मिळून त्याची चिरफाड केली. हे साधन एकट्याने सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाचा विश्वास संपादूनच हल्लेखोर आत शिरला होता. पासवर्डच्या नियमांइतकीच चर्चा अशा एकाकी स्वयंसेवकांना हातभार लावण्याची व्हावी, यासाठी हा अंक.