समेटाचा उमाळा आणि निंदणाचा हंगाम

गेल्या पावसाळ्यात रिसोड तालुक्यातील एका खेड्यात मला ‘चार बुके शिकलेला’ म्हणून बैठकीला बोलावण्यात आले. नऊ वर्षांपूर्वी दुसरी बाई घरात आणून ज्याने लग्नाच्या बायकोला माहेरी धाडले, तो गृहस्थ आता तिला नांदवायला तयार झाला होता. दुसरी निघून गेली होती. त्या वेळी गाव चार दिवस कुजबुजले, ‘पुरुषाची जात’ म्हणून हसले आणि पेरणीला लागले. पुढे नऊ वर्षे तिच्या पोटाची चौकशी करणारा एकही पंच निघाला नाही. तिने पोटगीचा अर्ज करताच मात्र साऱ्यांना समेटाचा उमाळा आला.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, तेव्हा हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. पोटगी दरमहा रोख मोजावी लागते. परत आलेली बायको सोयाबीन निंदते, सोंगते, सासूचे दुखणे काढते आणि मजुरी मागत नाही. एकाचे देणे बुडवून दुसऱ्याचे श्रम फुकट मिळवून देणाऱ्या व्यवहाराला कोणता व्यापारी समेट म्हणेल?

हा डाव जुना आहे. लग्नानंतर कित्येक वर्षांनी, 1884 साली, दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी दावा लावला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. 1887 साली न्यायमूर्ती फॅरन यांनी ‘नांदा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर 1888 साली दादाजींनी 2000 रुपये घेऊन हक्क सोडला. (संसाराचा कळवळा किती रुपयांचा होता, ते तेव्हाच कळले.) ज्या विलायतेतून हा दावा आला तिने तो 1970 साली मोडीत काढला, आपल्या हिंदू विवाह कायद्यात कलम 9 अजून ठाण मांडून आहे.

तरीही कायदा पंचांहून बरा. नवऱ्याने दुसरे लग्न केले वा रखेली ठेवली, तर पत्नीने त्याच्याकडे राहण्यास नकार देणे रास्त, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये स्पष्ट होते. 2023 च्या संहितेत ते कलम 144 मध्ये कायम आहे. नांदण्याचा हुकूम पत्नीने पाळला नाही एवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2025 रोजी झारखंडातील एका प्रकरणात सांगितले.

खंत वेगळीच आहे. त्या बैठकीत आपल्या चळवळीतले दोघे पंच म्हणून बसले होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस संगमनेरला परित्यक्तांचा प्रश्न ऐरणीवर आणला तो समाजवादी कार्यकर्त्यांनीच. त्यांचे वारस आज ‘झाले गेले गंगेला मिळाले’ म्हणतात! गंगेला नेहमी तिचेच काय म्हणून मिळावे?

बाई शेवटपर्यंत गप्प होती. चहा आला तेव्हा तिने एवढेच विचारले, “सातबाऱ्यावर माह्यं नाव चढवता काय?” आपल्यापैकी एकाने घड्याळ पाहिले, दुसऱ्याला शेवटची एसटी गाठायची होती.