काचेच्या कपाटातले पूर्वज

संग्रहालयात काचेआड ठेवलेले जुने मडके आपण कौतुकाने पाहतो. खालची चिठ्ठी वाचतो, अमक्या देशातले, इतक्या शतकांपूर्वीचे. ते कोणाच्या उशाशी पुरले होते, हे त्या चिठ्ठीवर क्वचितच असते.

फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयात अमेरिकेतून अशा सुमारे सहाशे वस्तू गेल्या. पांढऱ्यावर काळ्या नक्षीची भांडी, टोपल्या, वाखाच्या चपला. आणि माणसांची हाडेही! हे सारे कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डेचे. तेथे प्युब्लो लोकांनी कड्याच्या कपारीत दगडी घरे बांधली, वर पठारावर मका पिकवला. सन १३०० च्या सुमारास, मोठ्या दुष्काळानंतर, ते दक्षिणेकडे गेले. गेले म्हणजे संपले नाहीत. होपी, झुनी, आकोमा, झिया हे त्यांचेच वंशज.

१८९१ मध्ये स्वीडनचा गुस्ताफ नॉर्डेनशेल्ड तेथे पोहोचला. वय २३, अंगात क्षय. त्याने घरे मोजली, फोटो काढले, वस्तूंना क्रमांक दिले, १८९३ मध्ये ग्रंथही छापला. काम चोख होते, हे कबूल करावेच लागेल. पण त्याने थडगीही उकरली. माल बाहेर जातो म्हणून ड्युरांगो गावात ओरड झाली, त्याला अटक झाली आणि तो सुटलाही. मनाई करणारा कायदाच नव्हता! तो आला १९०६ मध्ये. ज्यांचे पूर्वज त्या पेट्यांत होते, त्यांना मात्र कोणी विचारले नाही.

संग्रह अँटेल नावाच्या फिनिश डॉक्टरने विकत घेतला आणि मृत्युपत्राने आपल्या देशाला दिला. नॉर्डेनशेल्ड स्वतः १८९५ मध्ये, सव्वीसाव्या वर्षीच वारला.

अमेरिकेतल्या संग्रहालयांनी आदिवासींची हाडे व थडग्यांतल्या वस्तू परत कराव्यात, असा कायदा तेथे १९९० मध्ये झाला. फिनलंडला तो लागू नव्हता. त्यामुळे मागणी करायची ती कायद्याने नव्हे, माणुसकीने. २०१९ मध्ये दोन्ही देशांत ठरले आणि सप्टेंबर २०२० मध्ये वीस जणांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या अठ्ठावीस वस्तू परत आल्या. होपी, झुनी, आकोमा व झिया लोकांनी आपल्या माणसांना मेसा व्हर्डेच्या मातीत पुन्हा निजवले.

बाकीचा संग्रह हेलसिंकीतच राहिला.